टाटा आरिया

टाटा आरिया ही टाटा मोटर्स या भारतीय वाहननिर्मात्या कंपनीने तयार केलेली सात आसनी कौटुंबिक मोटारगाडी होती. ऑक्टोबर २०१० मध्ये ती भारतीय बाजारात विक्रीस आली आणि जानेवारी २०१७ मध्ये टाटा हेक्साने तिची जागा घेतली. मोटारगाडी, बहुउपयोगी वाहन (एमपीव्ही) व क्रीडोपयोगी वाहन (एसयूव्ही) या तीन प्रकारांचे गुण एकत्र आणणाऱ्या वाहनास 'क्रॉसओव्हर' म्हणतात. भारतात संकल्पित व विकसित झालेली या प्रकारातील पहिली मोठी गाडी म्हणून आरियाकडे पाहिले जात होते. तिचे उत्पादन कंपनीच्या पुणे येथील कारखान्यात होत असे.

बाजारात येण्यापूर्वी सुमारे साडेपाच वर्षे या गाडीची चर्चा चालू होती. प्रत्यक्ष किंमत जाहीर झाल्यावर मात्र चर्चेचा रोख गाडीच्या गुणांवरून तिच्या मूल्याकडे वळला. भारतीय वाहनोद्योगात किंमत, नाममुद्रा आणि ग्राहकाची अपेक्षा यांचे नाते कसे असते, हे समजून घेण्यासाठी आरियाचे उदाहरण उपयुक्त आहे.

पार्श्वभूमी

टाटा मोटर्स ही कंपनी दीर्घकाळ मालमोटारी व बसगाड्यांसाठी ओळखली जात होती. १९९४ मध्ये आलेली सुमो, १९९८ मध्ये आलेल्या सफारी व इंडिका या वाहनांनी तिला प्रवासी वाहनांच्या बाजारात स्थान मिळवून दिले. सुमो व इंडिका या दोन्ही गाड्या कमी खर्चात अधिक जागा देणाऱ्या असल्याने त्यांचा भाड्याच्या गाड्या म्हणून मोठा वापर झाला. त्यामुळे कंपनीचा खप वाढला, तसेच 'टाटाची गाडी म्हणजे किफायतशीर गाडी' हे समीकरणही लोकांच्या मनात पक्के झाले.

२००८ हे वर्ष कंपनीसाठी दोन टोकांचे ठरले. त्या वर्षी जानेवारीत एक लाख रुपयांची गाडी म्हणून नॅनोचे अनावरण झाले, आणि त्याच वर्षी जॅग्वार व लँड रोव्हर या ब्रिटिश नाममुद्रा कंपनीने सुमारे २.३ अब्ज डॉलरना विकत घेतल्या. एका बाजूस जगातील सर्वांत स्वस्त मोटार आणि दुसऱ्या बाजूस श्रीमंतांच्या गाड्या अशी ही स्थिती होती. या दोहोंमधील मोठी पोकळी कंपनीच्या स्वतःच्या नावाने भरून काढणे हे आरियाचे मुख्य प्रयोजन होते.

संकल्पना व प्रतीक्षा

या गाडीचे पहिले रूप २००५ च्या जिनिव्हा मोटार प्रदर्शनात 'एक्सओव्हर' या नावाने मांडण्यात आले. त्यानंतर काही वर्षे पुण्याच्या परिसरात व महामार्गांवर आच्छादित चाचणी-गाड्या दिसत राहिल्या. वाहनविषयक नियतकालिकांत तिचा उल्लेख 'इंडिक्रूझ' या नावाने होत असे. जानेवारी २०१० मध्ये नवी दिल्लीतील ऑटो एक्स्पो प्रदर्शनात विक्रीयोग्य रूपातील गाडी 'आरिया' या नावाने दाखविण्यात आली व मार्च २०१० मध्ये ती जिनिव्हा येथेही मांडली गेली. पाश्चात्त्य संगीतनाट्यातील एकल गीतास 'आरिया' म्हणतात. कंपनीने हे नाव यापूर्वी २००० च्या सुमारास दोन आसनी संकल्पना-गाडीसाठी वापरले होते.

प्रतीक्षेचा काळ लांबल्याचे दोन परिणाम झाले. पहिला असा की, गाडीविषयीचे कुतूहल टिकून राहिले. दुसरा असा की, त्या काळात बाजार बदलला. २००५ मध्ये टोयोटाची इनोव्हा भारतात आली आणि मोठ्या कुटुंबाची विश्वासार्ह गाडी म्हणून स्थिरावली. ऑगस्ट २००९ मध्ये त्याच कंपनीची फॉर्च्युनर १८ लाख ४५ हजार रुपये किमतीस आली व तिच्यासाठी ग्राहक रांगा लावू लागले. आरियाचे स्थान या दोन गाड्यांच्या मध्ये कोठेतरी असेल, असा अंदाज अनावरणापासूनच बांधला जात होता. मात्र ते इनोव्हाच्या जवळ असेल की फॉर्च्युनरच्या, हा प्रश्न किंमत जाहीर होईपर्यंत अनुत्तरित राहिला.

रचना व वैशिष्ट्ये

आरियाची लांबी ४,७८० मिमी, रुंदी १,८९५ मिमी, उंची १,७८० मिमी व दोन आसांमधील अंतर २,८५० मिमी होते. आसनव्यवस्था दोन, तीन व दोन अशा तीन रांगांची होती. गाडीचा सांगाडा स्वतंत्र चौकटीवर बसविलेल्या प्रकारचा होता. या पद्धतीत गाडी दणकट होते, परंतु तिचे वजनही वाढते. आरियाचे वजन दोन टनांहून अधिक होते.

तिच्यात २,१७९ घनसेंमी क्षमतेचे चार नळकांड्यांचे डिझेल इंजिन बसविले होते. ते १४० अश्वशक्ती व ३२० न्यूटन-मीटर आघूर्ण देत असे. त्याला पाच वेगांची हस्तचालित गिअरपेटी जोडलेली होती. सुरुवातीच्या प्रकारांत चारही चाकांना शक्ती पुरविण्याची सोय होती. सामान्य स्थितीत मागील चाके चालत व घसरणीच्या वेळी पुढील चाकांकडे आपोआप शक्ती वळविली जाई.

सुरक्षा व सुखसोयी यांबाबत आरिया आपल्या काळाच्या पुढे होती. वरच्या प्रकारांत सहा हवापिशव्या, चाके न अडकू देणारी ब्रेकप्रणाली (एबीएस), गाडीचा तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली, दिशादर्शक नकाशा असलेला पडदा, स्वयंचलित वातानुकूलन, वेगनियंत्रक, पाऊस ओळखून चालणारे काचपुसे आणि अंधार पडताच लागणारे दिवे होते. त्या वेळी भारतातील बहुसंख्य कौटुंबिक गाड्यांत दोन हवापिशव्याही सर्व प्रकारांत मिळत नसत.

किंमत जाहीर होणे

ऑक्टोबर २०१० मध्ये आरियाचे विधिवत पदार्पण झाले. त्या वेळी रतन टाटा कंपनीचे अध्यक्ष होते, कार्ल-पीटर फॉर्स्टर समूहाचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते आणि प्रकाश तेलंग भारतातील कारभाराचे व्यवस्थापकीय संचालक होते. दिल्लीतील विक्रीदालनाची किंमत सुमारे १३ लाख रुपयांपासून सुरू होऊन सर्वांत वरच्या प्रकारासाठी साडेपंधरा लाख रुपयांपर्यंत जात होती. कंपनीच्या नावाने तोपर्यंत विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांत ही सर्वांत महाग गाडी ठरली.

विक्रीदालनाची किंमत व गाडी रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांत बराच फरक असतो. महाराष्ट्रात गाडीच्या नोंदणीच्या वेळी एकरकमी वाहनकर भरावा लागतो व डिझेल गाडीवर तो पेट्रोल गाडीपेक्षा अधिक दराने आकारला जातो. त्या काळी मुंबई, पुणे व पिंपरी-चिंचवड या महापालिकांच्या हद्दीत जकातही लागू होती. विम्याचा पहिला हप्ता त्यात मिळविल्यास वरच्या प्रकारातील आरिया घरी येईपर्यंत १७ लाख रुपयांच्या पुढे जाई.

किमतीविषयीचा वाद

किंमत जास्त असल्याचे म्हणणाऱ्यांचे मुद्दे

पहिला मुद्दा तुलनेचा होता. इनोव्हाचे बहुतेक प्रकार आरियाच्या सुरुवातीच्या किमतीपेक्षा स्वस्त होते. सात-आठ माणसांना घेऊन लांबचा प्रवास करणे ही मुख्य गरज असलेल्या कुटुंबाला त्या गरजेसाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण दिसत नव्हते.

दुसरा मुद्दा गरज नसलेल्या सोयीचा होता. सुरुवातीस आरिया केवळ चारही चाकांना शक्ती देणाऱ्या प्रकारांतच मिळत होती. शहरात व डांबरी महामार्गावर चालणाऱ्या कौटुंबिक गाडीला ही सोय क्वचितच लागते, पण तिचा खर्च, वजन व इंधनाचा भार प्रत्येक ग्राहकाला सोसावा लागत होता.

तिसरा मुद्दा नाममुद्रेचा होता. पंधरा लाख रुपये खर्च करणारा ग्राहक केवळ गाडी घेत नाही, तर त्या गाडीमुळे मिळणारी प्रतिष्ठाही विकत घेत असतो. टाटाच्या गाड्या भाड्याच्या गाड्या म्हणून सर्वत्र दिसत असल्याने ही प्रतिष्ठा आरियाला आपोआप मिळाली नाही. मात्र हा मुद्दा जपून स्वीकारावा लागतो, कारण इनोव्हादेखील भाड्याने मोठ्या प्रमाणावर चालत होती व तरीही तिच्या प्रतिष्ठेस धक्का लागला नाही. फरक बहुधा टिकाऊपणाच्या लौकिकात व पुनर्विक्रीच्या किमतीत होता. पाच वर्षे वापरलेली इनोव्हा चांगल्या दराने विकली जाते, हे ग्राहकाला अनुभवाने ठाऊक होते. आरियाला असा पूर्वेतिहास नव्हता.

चौथा मुद्दा बाह्यरूपाचा होता. गाडी पुढून कंपनीच्या स्वस्त गाड्यांच्या कुळातील दिसत होती. किंमत वरच्या वर्गाची, परंतु चेहरा परिचित, असा तिच्यावर आक्षेप होता.

किमतीचे समर्थन करणाऱ्यांचे मुद्दे

समर्थकांच्या मते तुलना गाडीच्या आकाराशी न करता तिच्यातील साधनांशी करावयास हवी होती. सहा हवापिशव्या, तोल सावरणारी प्रणाली व चारही चाकांना शक्ती हे सर्व एकत्र देणारी दुसरी गाडी त्या किमतीत नव्हती. फॉर्च्युनरपेक्षा आरिया सुमारे तीन लाख रुपयांनी स्वस्त होती. कंपनीला कायम स्वस्त गाड्यांच्या चौकटीत अडकून राहायचे नसेल तर कधीतरी वरच्या किमतीची गाडी आणावीच लागेल, आणि अशा गाडीची किंमत मुद्दाम पाडल्यास तिचा हेतूच नष्ट होईल, असेही प्रतिपादन केले जाई.

करांचा वाटा

वादात बहुधा दुर्लक्षित राहणारा घटक म्हणजे कररचना. २०१०-११ मध्ये चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या व लहान इंजिनाच्या गाड्यांवर १० टक्के, तर मोठ्या गाड्यांवर २२ टक्के व शिवाय प्रत्येक गाडीमागे १५,००० रुपये असे उत्पादनशुल्क होते. त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर आकारला जाई. महाराष्ट्रात तो साडेबारा टक्के होता. हा कर उत्पादनशुल्क धरून आलेल्या रकमेवर लागत असल्याने करावर कर बसत असे.

हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. कारखान्यातून ८ लाख रुपये मूल्याने निघणाऱ्या गाडीवर मोठ्या गाडीच्या दराने १ लाख ९१ हजार रुपये उत्पादनशुल्क बसते. त्यामुळे होणाऱ्या ९ लाख ९१ हजारांवर सुमारे १ लाख २४ हजार रुपये मूल्यवर्धित कर लागतो व एकूण रक्कम ११ लाख १५ हजारांच्या आसपास जाते. विक्रेत्याचा नफा व उपकर यांत धरलेला नाही. हीच गाडी लहान गाडीच्या व्याख्येत बसती तर रक्कम ९ लाख ९० हजार झाली असती. म्हणजे केवळ वर्गीकरणामुळे सव्वा लाखाचा फरक पडतो. मोठ्या कुटुंबाला मोठी गाडी ही चैन नसून गरज असू शकते, परंतु करप्रणाली लांबी व इंजिन एवढेच पाहत होती.

तथापि, आरियाच्या अपयशाचा सर्व दोष करांवर टाकता येत नाही. तोच कर तिच्या सर्व मोठ्या प्रतिस्पर्धी गाड्यांवरही होता, हे पुढील घटनेवरून दिसते.

एक्सयूव्ही५०० चे आगमन

सप्टेंबर २०११ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने एक्सयूव्ही५०० ही सात आसनी गाडी बाजारात आणली. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणाऱ्या या गाडीचे इंजिनही २,१७९ घनसेंमी क्षमतेचे व १४० अश्वशक्तीचे होते. तिला स्वतंत्र चौकट नव्हती, सांगाडा एकसंध होता व शक्ती मुख्यतः पुढील चाकांना दिली जाई. दिल्लीतील सुरुवातीची किंमत १० लाख ८० हजार रुपये होती. चारही चाकांना शक्ती देणारा प्रकार केवळ सर्वांत वरच्या श्रेणीत १२ लाख ८८ हजार रुपयांना, म्हणजे आरियाच्या सुरुवातीच्या किमतीच्याही किंचित खाली मिळत होता.

पहिल्या दहा दिवसांतच आठ हजारांहून अधिक मागण्या नोंदविल्या गेल्या व कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. २०१२ च्या आरंभी नोंदणी पुन्हा सुरू झाली, तेव्हा सोडत काढून ग्राहक निवडण्यात आले. एकाच जिल्ह्यातील दोन कारखान्यांतून निघणाऱ्या, जवळपास सारख्या क्षमतेच्या दोन भारतीय गाड्यांपैकी एकीसाठी सोडत काढावी लागत होती व दुसरी विक्रीदालनात उभी राहत होती. भारतीय नाममुद्रेस दहा लाखांपुढील किंमत मिळत नाही, हा समज यामुळे खोटा ठरला.

दोन्ही गाड्यांच्या किमतीतील सुमारे दोन लाखांचा फरक मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हिशेबात मोठा होता. दोन लाख रुपयांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतल्यास दरमहा सुमारे ४,२५० रुपये हप्ता बसतो व एकूण परतफेड सुमारे २ लाख ५५ हजार रुपये होते. गाडीचे अधिक वजन व त्यामुळे वाढणारा इंधनखर्च यांचा भार त्याशिवाय होता.

किमतीतील बदल

आरियाची किंमत पुढे टप्प्याटप्प्याने खाली आली. त्याचा क्रम असा:

ऑक्टोबर २०१०: चारही चाकांना शक्ती देणारे प्रकार, सुमारे १३ ते १५.५ लाख रुपये.

२०११: केवळ मागील चाकांना शक्ती देणारे प्रकार, सुमारे ११.६ लाख रुपयांपासून.

२०१२: काही सोयी वगळलेला प्राथमिक प्रकार, ९.९५ लाख रुपये.

२०१४: अधिक शक्तिमान इंजिनासह सुधारित आवृत्ती, ९.९५ लाख रुपयांपासून.

दीड वर्षाच्या आत प्रवेशाची किंमत सुमारे तीन लाखांनी उतरली. या कपातीमुळे गाडी अधिक कुटुंबांच्या आवाक्यात आली, परंतु त्याचे उलट परिणामही झाले. सुरुवातीस पूर्ण किंमत मोजणाऱ्यांच्या गाड्यांचे पुनर्विक्रीमूल्य घसरले. किंमत आणखी उतरेल या अपेक्षेने काही ग्राहक थांबून राहतात, ही अशा वेळी नेहमी दिसणारी प्रवृत्ती आहे. शिवाय स्वस्त प्रकारांत हवापिशव्यांची संख्या व इतर साधने कमी झाल्याने, ज्या गुणांमुळे मूळ किमतीचे समर्थन होत होते ते गुणच त्या प्रकारांत राहिले नाहीत.

दरम्यान बाजाराचा खालचा भागही भरून गेला. एप्रिल २०१२ मध्ये मारुती सुझुकीची सात आसनी एर्टिगा ५ लाख ८९ हजार रुपयांपासून मिळू लागली व जुलै २०१२ मध्ये रेनोची डस्टर आली. २०१३ च्या अर्थसंकल्पात क्रीडोपयोगी वाहनांवरील उत्पादनशुल्क ३० टक्के करण्यात आल्याने मोठ्या गाड्यांपुढील अडचणी वाढल्या. आरियाची विक्री अपेक्षेच्या मानाने अल्पच राहिली व शेवटच्या वर्षांत ती नाममात्र झाली.

किंमतनिश्चितीची दोन तत्त्वे

वाहनाची किंमत ठरविण्याच्या ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. पहिलीत गाडी तयार करण्यास आलेल्या खर्चात नफा मिळवून किंमत काढली जाते. दुसरीत ग्राहक किती देईल हे आधी ठरवून त्या मर्यादेत गाडी बसविली जाते. नॅनो हे दुसऱ्या पद्धतीचे टोकाचे उदाहरण होते, कारण तेथे किंमत आधी जाहीर झाली व रचना नंतर तिच्यात बसविली गेली. आरियाच्या बाबतीत साधनांची यादी आधी वाढत गेली व किंमत तिच्यामागून आली, अशी टीका झाली.

यात खपाचा प्रश्नही गुंतलेला असतो. साचे, यंत्रसामग्री व चाचण्या यांवरील खर्च विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या संख्येने भागला जातो. खप कमी राहिल्यास प्रत्येक गाडीवरील भार वाढतो, आणि तो कमी करण्यासाठी किंमत उतरविल्यास नफा घटतो. या चक्रातून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे तोच सांगाडा अन्य गाड्यांसाठी वापरणे. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या सफारी स्टॉर्मसाठी आरियाच्या सांगाड्याचाच आधार घेण्यात आला.

वारसा

जानेवारी २०१७ मध्ये आलेली टाटा हेक्सा ही आरियाच्याच पायावर उभी होती. दोन आसांमधील अंतरही २,८५० मिमी एवढेच राहिले. बाह्यरूप पूर्णपणे बदलले, इंजिनाची शक्ती वाढली व स्वयंचलित गिअरपेटीचा पर्याय आला. किंमत ११ लाख ९९ हजार रुपयांपासून सुमारे साडेसतरा लाखांपर्यंत होती. मागील चाकांना शक्ती देणारे प्रकार पहिल्या दिवसापासून उपलब्ध होते व चारही चाकांची सोय हवी असलेल्यालाच तिचे पैसे मोजावे लागत. आरियाच्या किंमतनिश्चितीतून घेतलेला हा सर्वांत स्पष्ट धडा मानता येतो. हेक्साला आरियापेक्षा चांगला प्रतिसाद मिळाला. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाची नवी मानके लागू होताना तिचे उत्पादन थांबले. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यातच तयार होणारी तीन रांगांची नवी सफारी १४ लाख ६९ हजार रुपये सुरुवातीच्या किमतीस आली.

मे २०१६ मध्ये आलेल्या इनोव्हा क्रिस्टाची मुंबईतील किंमत १३ लाख ८४ हजार रुपयांपासून सुरू होत होती आणि तरीही तिला मोठी मागणी आली. मधल्या काळातील महागाई जमेस धरली, तरी कौटुंबिक गाडीसाठी तेरा-चौदा लाख रुपये मोजण्यास भारतीय ग्राहक तयार होता, हे यावरून दिसते. त्यामुळे आरियाची किंमत निरपेक्षतः अवाजवी होती असे म्हणण्यापेक्षा, त्या किमतीस आवश्यक असलेला विश्वास कंपनीने तोपर्यंत कमावलेला नव्हता व ग्राहकाला न मागितलेल्या सोयींसह गाडी घ्यावी लागत होती, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरते. सहा हवापिशव्या व तोल सावरणारी प्रणाली ही २०१० मध्ये किमतीचे ओझे वाटणारी साधने पुढील दशकात भारतीय कौटुंबिक गाडीकडून सामान्यपणे अपेक्षिली जाऊ लागली.

हेही पाहा

टाटा मोटर्स
टाटा हेक्सा
टाटा सफारी
महिंद्रा एक्सयूव्ही५००
टोयोटा इनोव्हा